मावतं म्हणून चालतं असं नाही

वाचकांचे प्रश्न : बंदुका, काडतुसं आणि त्यांची निगा

या महिन्याच्या टपालात निरनिराळ्या गावांहून आलेली पाच पत्रं एकाच शंकेभोवती फिरतात : एका हत्यारातून एकापेक्षा जास्त जातीची काडतुसं उडवता येतात का? काही हत्यारांतून येतात, अगदी निर्धास्तपणे. पुष्कळ हत्यारांतून येत नाहीत, तरीही काडतूस आत बसतं. सैन्यात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती आणि निगा बघणारा, म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर परवानाधारकांची हत्यारं तपासून देतो. फुटलेल्या नळ्या टेबलावर आल्या की मागे बहुतेक वेळा हाच गैरसमज असतो. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हर आहे. मेव्हण्याकडे .३२ पिस्तूल आहे. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी दोन्ही काढली होती, तेव्हा त्याचं एक काडतूस माझ्या सिलिंडरमध्ये घालून पाहिलं. अलगद बसलं. दोघांच्या परवान्यावर .३२ बोरच लिहिलंय. मग एकमेकांची काडतुसं वापरायला हरकत काय? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : हरकत आहे, आणि ती एकच नाही. तुमच्या पत्रातलं ‘अलगद बसलं’ हे वाचूनच मी पाचही पत्रांत तुमचं पत्र वर घेतलं.

पुढच्या वेळी दोन्ही रिकामी काडतुसं शेजारी उभी करून नीट बघा. तुमच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस मूळ स्मिथ अँड वेसन लाँग या जातीचं. त्याची पितळी खोळ सुमारे २३ मिलिमीटर लांब असते आणि बुडाला ठळक कड असते, साडेनऊ मिलिमीटर व्यासाची. बोटाचं नख तिच्यावर अडकतं. पिस्तुलाचं काडतूस ब्राउनिंगच्या पिस्तुलासाठी १८९९ साली निघालं. त्याची खोळ १७ मिलिमीटरच्या आसपास आणि कड खोळीपेक्षा व्यासात जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठी. खोळीची जाडी मात्र दोघांची जवळजवळ सारखीच, साडेआठ मिलिमीटर. म्हणून ते तुमच्या सिलिंडरमध्ये सहज गेलं.

आता आत काय होतं ते बघा. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस त्या कडेवर टांगलेलं असतं. कड नाममात्र असली की घोडा आपटल्यावर काडतूस पुढे सरकू शकतं, टोपीवर (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या इवल्या वाटीवर) घाव अर्धवट बसतो आणि बार उडत नाही. चाप ओढूनही बार न उडालेलं काडतूस ही फार वाईट गोष्ट, कारण तो उशिरा उडू शकतो. तसं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबा, सिलिंडर लगेच उघडू नका. समजा बार उडाला, तर दुसरी अडचण. अमेरिकी उत्पादकांच्या मानकात स्मिथ अँड वेसन लाँगसाठी दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड आहे, पिस्तुलाच्या काडतुसासाठी २०,५००. म्हणजे एक तृतीयांशाहूनही अधिक वाढ. रिव्हॉल्व्हर नवी आणि मजबूत असेल तर पहिल्या बाराला काही दिसणारही नाही, आणि नेमकं तेच घातक. सिलिंडर ढिला पडत जातो, चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) आणि नळी एका रेषेत राहत नाहीत आणि शिशाचे कण बाजूच्या फटीतून उडायला लागतात. मधोमध मोडणाऱ्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हर अजून काही घरांत आहेत. त्यांची वरची खिटी इतका दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते. तिथे पहिला बारही शेवटचा ठरू शकतो.

तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दुसरं काही निर्धोकपणे चालतं का? यंत्राच्या हिशेबाने एक चालतं : १८७८ सालचं मूळ .३२ स्मिथ अँड वेसन. लाँग हे त्याचंच लांबवलेलं भावंड. तेच बूड, तीच कड, जोर कमी. लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस बसतं. आपल्याकडच्या दुकानांत ते सहसा मिळत नाही, म्हणून ही माहिती तुमच्या फारशा कामाची नाही, पण मेख इथेच आहे. एकाच कुळातलं, एकाच जाडीचं, आखूड आणि कमी जोराचं काडतूस लांब चेंबरमधून उडवता येतं. उलटं करायचं नाही. आणि नुसता आकडा जुळला म्हणून कूळ जुळत नाही. .३२ हे दोन्ही खोक्यांवर छापलेलं असतं. पुढे ‘रिव्हॉल्व्हर’ आहे की ‘पिस्तूल’, ते वाचा. काडतुसाच्या बुडावरचा ठसाही वाचा. खडकीच्या कारखान्याच्या मालावर ‘केएफ’ असतं.

आणि मेव्हण्याची काडतुसं तुम्ही वापरायची नाहीत, तुमची त्यांनी नाहीत. काडतुसांची नोंद ज्याच्या त्याच्या परवान्यावर असते, घरातल्या घरात देवघेव चालत नाही. दसऱ्याला हत्यार जरूर पुजा. काडतुसं कपाटात कुलपात राहू द्या आणि जिवंत काडतूस ‘बसतं का’ म्हणून पुन्हा कधीही घालून बघू नका. हे मी हात जोडून सांगतो.

प्रश्न : नमस्कार काका. मी मूळची नाशिकची, आता नवऱ्याबरोबर टेक्सासमध्ये असते. इथे आम्ही .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतली. दुकानदार म्हणतो, सरावाला .३८ स्पेशल वापरा, स्वस्त पडतं आणि धक्काही कमी. हे खरं का? शिवाय शेजारच्या आजोबांनी त्यांची शंभर वर्षांपूर्वीची .३८ कोल्ट दाखवली. त्यात .३५७ बसतं, असं ते म्हणतात. (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर : ताई, दुकानदाराचं बरोबर आहे. ‘एका हत्यारात दोन काडतुसं’ याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. .३८ स्पेशल एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आलं. १९३० च्या दशकात त्याचीच खोळ सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढवून .३५७ मॅग्नम केलं. गोळीची जाडी तीच. नावं दोन असली तरी दोन्हीतली गोळी ०.३५७ इंचाचीच असते. खोळ लांबवली ती जास्त दारू मावावी एवढ्यासाठी नव्हे, मॅग्नम काडतूस जुन्या .३८ मध्ये शिरू नये यासाठी. .३८ स्पेशलची दाबमर्यादा १७,०००, मॅग्नमची ३५,०००. दुप्पट. तुमचं हत्यार ३५,००० सोसायला केलेलं आहे, त्यात १७,००० चा बार म्हणजे त्याला काहीच नाही.

एक काळजी घ्या. आखूड काडतुसं बरीच उडवली की खोळीचं तोंड जिथे संपतं तिथे चेंबरच्या आत काजळी आणि शिशाचं कडं धरतं. मग मॅग्नम घालताना ते अडतं, अंगठ्याने रेटावं लागतं. रेटू नका. त्या कड्यात खोळीचं तोंड आवळलं गेलं तर गोळी सुटायला वेळ लागतो आणि दाब चढतो. सराव संपला की त्याच दिवशी प्रत्येक चेंबरमधून पितळी ब्रश फिरवा. बॅटरी लावून आत बघा, राखाडी कडं दिसत असेल तर पुन्हा फिरवा.

आजोबांच्या कोल्टबद्दल मात्र आजच त्यांच्याकडे जा. सध्याच्या रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये पुढच्या टोकाला एक पायरी असते, जास्त लांब खोळ तिथे अडते. कोल्टच्या १८९२ च्या सुमाराच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबर आरपार सरळ कोरलेले होते, पायरी नाही. म्हणून त्यात .३५७ मॅग्नम पूर्ण बसतं. ते हत्यार .३८ लाँग कोल्ट नावाच्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या सौम्य काडतुसासाठी घडवलेलं. त्यात मॅग्नम उडवलं तर सिलिंडर हातात फुटेल. ‘बसतं’ एवढं त्यांनी सांगितलं, उडवून पाहिलं असं लिहिलेलं नाही, हे नशीब. ती रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटात ठेवावी, असं माझ्या नावाने सांगा. ज्येष्ठ माणसाला तुम्ही सांगितलेलं कदाचित रुचणार नाही. दुसऱ्या एका म्हाताऱ्या आर्मोररने सांगितलेलं रुचेल.

तिकडच्या बाजारात .४५ कोल्ट आणि .४१० छर्रे दोन्ही उडवणाऱ्या रिव्हॉल्व्हर मिळतात, .२२ साठी दोन निरनिराळे सिलिंडर देणाऱ्याही मिळतात. कारखान्याने नळीवर जी नावं कोरली आहेत आणि पुस्तिकेत जी दिली आहेत तीच वापरा. दोन सिलिंडरवाल्या .२२ मध्ये लोकांची गल्लत होते : .२२ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये साधं .२२ लाँग रायफल घालायचं नाही. मॅग्नमची खोळ अंगाने जाड असते, साधं काडतूस तिथे सैल बसतं आणि उडताना चिरतं. .३८ आणि .३५७ चं नातं तिथे लागू नाही.

प्रश्न : सासरे वारले. त्यांची विलायती दुनळी बारा बोर आमच्या घरी आहे. बरोबर लाल काडतुसांचं एक खोकं आहे, खोक्यावर ७० मिमी छापलंय. बंदुकीच्या नळीखाली मात्र अडीच इंच असा ठसा आहे. डब्यात थोडी पिवळी, जरा बारीक काडतुसंही निघाली. दीर म्हणतात, बारा बोर म्हणजे बारा बोर, माकडं हाकायला एखादा बार काढू. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : वहिनी, दिरांना थांबवा. आणि ती पिवळी काडतुसं आत्ता, हे वाचत असतानाच, लाल काडतुसांपासून वेगळी करा.

पिवळी बहुधा वीस बोरची आहेत. तो रंग जगभर बऱ्याच कारखान्यांनी मुद्दाम वीस बोरसाठी राखून ठेवला आहे, आणि त्याला कारण आहे. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या चेंबरमधून घसरून थेट पुढे जातं आणि नळी जिथे अरुंद होते तिथे त्याची कड अडकते. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी दिसते. काडतूस घालायचं राहिलं असं वाटून माणूस बारा बोरचं घालतो. तेही नीट बसतं, बंदूक मिटते, चाप ओढला जातो. पुढचं काडतूस म्हणजे नळीत मारलेलं बूच. नळी फुटते ती डाव्या हाताच्या बोटांपाशी, जिथे आपण बंदूक पेलतो तिथेच. या शास्त्रात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तर याची. इतकं साधं, इतकं शांतपणे घडणारं दुसरं काही नाही. एकाच घरात बारा आणि वीस बोर दोन्ही असतील तर काडतुसं दोन खोल्यांत ठेवावीत, एका खिशात तर कधीच नाहीत.

आता लाल काडतुसं. छर्ऱ्याच्या काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतरची असते, हे पुष्कळ जुन्या शिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. नव्या काडतुसाचं तोंड पाकळ्या आत दुमडून बंद केलेलं असतं. म्हणून ७० मिमीचं काडतूस दुमडलेलं असताना साठ मिलिमीटरच्या आतबाहेर भरतं. अडीच इंच म्हणजे ६५ मिमीचं चेंबर. त्यात ते आरामात बसतं, बंदूक विनातक्रार मिटते. उडताना पाकळ्या उलगडतात आणि चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात जाऊन पसरतात. छर्रे आणि डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) यांना तिथून वाट काढावी लागते आणि दाब वाढतो. उलट, ७० मिमीच्या चेंबरमध्ये ६५ मिमीचं काडतूस चालतं. ७६ मिमीच्या चेंबरमध्ये तिन्ही चालतात. पुन्हा तोच नियम : आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये जाऊ द्यावं, लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये कधी नाही.

नळीचं पोलादही बघून घ्या. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी वेटोळी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. त्यांपैकी बहुतेक काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आजची धूरविरहित दारू वेगळ्या चालीने जळते, तिचा दाब अशा नळीला झेपेल हे कुणी गृहीत धरू नये. आणि शंभर वर्षांच्या ओल्या कोकणी पावसाळ्यांत पट्ट्यांच्या जोडात गंज किती खोल गेलाय हे वरून कळत नाही. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचा ‘नायट्रो’ ठसा असेल तर ती बंदूक निदान त्या दिवशी नव्या दारूवर तपासली गेली होती. तो दिवस कधीचा, हा प्रश्न उरतोच.

पण तुमच्या घरात आधी कायद्याचं काम आहे. परवाना सासऱ्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची. वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज नंतर करता येतो. तोवर माकडांसाठीही नाही आणि लग्नातल्या बारासाठीही नाही. जमा करताना पिवळी काडतुसं वेगळ्या पुडक्यात द्या आणि वर ‘वीस बोर’ लिहा, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याची गल्लत होणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे .३१५ रायफल आणि बारा बोर अशी दोन हत्यारं आहेत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनाहून जास्त ठेवता येत नाहीत. रानडुकरांनी हरभरा उकरून टाकला. रायफल-छर्रा दोन्ही चालेल असं एकच हत्यार असतं का? गावाकडचा एक मिस्त्री म्हणतो, .३१५ चं चेंबर बदलून दुसरं काडतूसही बसवून देतो. (एक वाचक, अकोला जिल्हा)

उत्तर : मिस्त्रीकडे रायफल नेऊ नका. हे उत्तर इथेच संपलं असतं, पण कारण कळायला हवं.

.३१५ हे बोर आपल्याकडे रुजलंच मुळी .३०३ या लष्करी काडतुसापासून नागरी रायफल वेगळी राहावी म्हणून. शस्त्र नियमांच्या परिशिष्टातली भाषा बघा : .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस जिच्यात बसून उडू शकतं अशी रायफल, तिचं बोर दुसरं कुठलंही असलं तरी, प्रतिबंधित वर्गात जाते. कायदा नळीवर कोरलेल्या आकड्यावर थांबत नाही, आत काय बसून उडतं ते विचारतो. चेंबर बदललं की तुमची रायफल एका वर्गातून दुसऱ्यात गेली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने असं वर्ग बदलणंही परवान्याशिवाय हत्यारात फेरफार करायला मनाई करणाऱ्या सहाव्या कलमात आणलं आहे. शिवाय कानशीने आणि अंदाजाने वाढवलेलं चेंबर तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर असतं. बोल्टमागे, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यामागे, तुमचा डोळा असतो.

रायफल आणि छर्रा एकत्र असलेल्या बंदुका असतात, जर्मन भाषिक मुलखात त्यांची परंपरा जुनी आहे. दोन छर्ऱ्याच्या नळ्या आणि खाली एक रायफलची नळी, अशा तीननळीला ते ड्रिलिंग म्हणतात. तिथे प्रत्येक काडतुसाला स्वतःची नळी आणि स्वतःचं चेंबर आहे, म्हणून ते सुरक्षित. पण आपल्याकडे असं हत्यार मिळवण्याच्या नादाला लागावं असं मला वाटत नाही. तुमच्या बारा बोरमध्येच ती सोय आहे. एलजी, एसजी या मोठ्या छर्ऱ्यांपासून चार, सहा, आठ नंबरपर्यंत सगळे छर्रे एकाच बोरच्या, एकाच लांबीच्या काडतुसात येतात. बोर न बदलता भार बदला. आणि डुकरासाठी शस्त्रपरवाना पुरत नाही. पीकनुकसानीची तक्रार आणि वनखात्याची परवानगी आधी हातात हवी.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि .२२ रायफल शिकते. स्वप्निल कुसाळे सरांनी पॅरिसला पदक मिळवल्यापासून आमच्या रेंजवर गर्दी आहे. .२२ लाँग रायफलमध्ये .२२ शॉर्ट चालतं, असं एका सीनियरने सांगितलं. सरावाला वापरू का? (एक वाचक, राधानगरी तालुका)

उत्तर : बाळ, तुमच्या तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य घेऊन आला, याचा मला किती आनंद झाला ते इथे लिहून सांगता येणार नाही. सीनियरचं म्हणणं खरं आहे. शॉर्ट १८५७ चं, लाँग रायफल १८८७ चं, अंगाची जाडी एकच. एक-एक काडतूस भरायच्या रायफलमधून शॉर्ट धोक्याशिवाय उडतं. अर्धस्वयंचलित असेल तर यंत्र पुढचं काडतूस ओढणार नाही, इतकंच. पूर्वी २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाच्या स्पर्धा शॉर्टवरच व्हायच्या. २००५ पासून तिथेही लाँग रायफल आलं. तशी जुनी पिस्तुलं काही क्लबांत असतील, त्यांत लाँग रायफल रेटू नकोस.

पण तुझ्या मॅच रायफलमध्ये शॉर्ट घालू नकोस. वर टेक्सासच्या ताईंना सांगितलेलं काजळीचं कडं इथेही धरतं, आणि तुझ्या चेंबरची कोर इतकी नेमकी असते की त्या कड्याने लाँग रायफलची गोळी बसायची जागाच बदलते. शॉर्टची गोळी हलकी, नळीतल्या आट्यांचा पीळही तिच्यासाठी कापलेला नाही. दहाच्या कड्यातून नऊमध्ये जायला तेवढं पुरतं. प्रशिक्षकांनी ज्या बनावटीच्या काडतुसांवर तुझी रायफल लावून दिली आहे तीच वापर. खोक्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेव, आणि लॉट बदलला की पुन्हा गट मारून बघ.